स्कीमातून कोड काढताना काय गळतं

आज मी एकच संदेश हातात घेणार आहे: पॅक्स 008. अमक्या ग्राहकाच्या खात्यात इतके पैसे जमा करा, असं एका बँकेनं दुसरीला कळवायचं, त्यासाठीचा हा आयएसओ 20022 या आर्थिक संदेशांच्या मानकातला संदेश. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2013 मध्ये आरटीजीएसची नवी प्रणाली आणली ती याच मानकावर.

संदेश एक्सएमएलमध्ये (खुणांच्या जोड्यांत माहिती लिहायची पद्धत), त्याचे नियम एक्सएसडी फाइलमध्ये, म्हणजेच स्कीमात. कुठला घटक कुठे, किती वेळा, किती लांबीचा, सगळं तिथे लिहिलेलं. एवढं असताना वाचायला-लिहायला हातानं कोड कशाला पाडायचा? जाव्हात एक्सएमएल आणि ऑब्जेक्ट यांची अदलाबदल करणारं जॅक्स-बी आहे, त्यातल्या एक्सजेसी या कोड काढणाऱ्या साधनाला एक्सएसडी द्या, की क्लासेस तयार. हे जाव्हा 6 पासून जेडीकेतच (जाव्हाच्या मूळ साधनसंचातच) मिळायचं, जाव्हा 11 मध्ये काढून टाकलं. आता ते जकार्ता या प्रकल्पाच्या नावानं वेगळं जोडावं लागतं. जुना प्रोजेक्ट नव्या जाव्हावर नेताना पहिली बोंब इथूनच येते. डॉटनेटवाल्यांकडे एक्सएसडी डॉट ईएक्सई आहे, पायथनवाल्यांकडे एक्सएसडेटा.

आता रकमेकडे बघा. स्कीमात ती दशांश संख्या, एकूण जास्तीत जास्त 18 अंक, त्यातले दशांशानंतर 5, आणि सोबत तीन अक्षरी चलन. एक्सजेसी काय करतं? एक क्लास, त्यात बिगडेसिमल (अचूक दशांश संख्या) आणि एक स्ट्रिंग (मजकूर). बिगडेसिमल येतं हे फार बरं झालं. पैशांना डबल, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारा प्रकार, लावणारे लोक अजून आहेत, त्यांच्याबद्दल नंतर चहाला बोलू. पण ते 18 आणि 5 कुठे गेले? गेले. व्यवहाराच्या ओळखक्रमांकाला स्कीमात 35 अक्षरांची मर्यादा आहे, क्लासमध्ये नुसती स्ट्रिंग. त्यात तुम्ही अख्खं पसायदान कोंबलंत तरी कंपायलर हूं की चूं करणार नाही.

याहून गमतीचा भाग खात्याच्या ओळखीचा. स्कीमा म्हणते, आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) द्या किंवा ‘इतर’ द्या, दोन्हींपैकी एकच. आपल्याकडे आयबॅन नाही, म्हणून आपण ‘इतर’ भरतो. तयार झालेल्या क्लासमध्ये मात्र दोन स्वतंत्र फील्ड्स असतात, दोघांना आपापले सेटर. कुणी दोन्ही भरले तर दोन्ही निमूटपणे लिहिले जातात, आणि ती फाइल समोरची बँक परत पाठवते. ‘किंवा’ सांगायला जाव्हाच्या साध्या क्लासकडे जागाच नाही.

वाचतानाही तेच. स्कीमा न लावता वाचलंत तर जॅक्स-बी अनोळखी घटक गुपचूप सोडून देतं. अपवाद (एक्सेप्शन) नाही, इशारा नाही. आकड्याच्या जागी भलतंच काही आलं तर फील्ड रिकामं राहतं आणि प्रोग्राम पुढे चालू. माझ्या मते या साधनातला सगळ्यात घातक भाग हा, कारण चाचणीत सगळं हिरवं दिसतं.

उपाय एका ओळीचा आहे. अनमार्शलरला (एक्सएमएल वाचणारा) आणि मार्शलरला (एक्सएमएल लिहिणारा) सेटस्कीमा करून तीच एक्सएसडी द्या. मग 36 वं अक्षर आलं की तिथेच अपवाद फेकला जातो. वेळ लागतो म्हणून लोक हे टाळतात. स्कीमा प्रत्येक संदेशाला नव्यानं वाचली तर लागणारच! ती एकदा वाचून ठेवा. स्कीमा ऑब्जेक्ट अनेक थ्रेड्सना मिळून वापरता येतो, मार्शलर मात्र प्रत्येकाचा वेगळा.

नियम गळाले म्हणून तयार क्लासमध्ये स्वतः तपासणी लिहायचा मोह होतो. नका लिहू. पुढच्या बिल्डला एक्सजेसी परत चालेल आणि तुमचं लिहिलेलं पुसलं जाईल. नावं किंवा प्रकार बदलायचे असतील तर वेगळी बाइंडिंग फाइल आहे, तिथे सांगा. तारखेसाठी येणारा तो अवजड ग्रेगोरियन कॅलेंडरही तिथूनच बदलता येतो.

शेवटी आवृत्त्या. पॅक्स 008 ची आवृत्ती तिच्या नेमस्पेसमध्येच (घटकांच्या नावांना ओळख देणाऱ्या पत्त्यात) असते. 001.08 जाऊन पुढची आली की नेमस्पेस बदलली, आणि दोन्ही आवृत्त्या सांभाळायच्या तर पॅकेजही वेगळं ठेवावं लागतं. घटक तेच, नावं तीच, पण जाव्हाच्या लेखी जुना क्लास आणि नवा क्लास परके. म्हणून हे क्लासेस प्रोग्रामच्या वेशीपर्यंतच येऊ द्या. आत तुमचा स्वतःचा ‘भरणा’ क्लास ठेवा, आणि मध्ये रूपांतराचा कंटाळवाणा कोड. तो मात्र हातानंच लिहावा लागतो.