वस्तीतील मुलांचा गट सांभाळायचा आहे? मग आधी हे ऐका

नमस्कार. सोलापुरातील एखाद्या सेवाभावी संस्थेत युवा गटप्रमुख म्हणून काम करावे, असे महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेकांना वाटते, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा प्रमाणपत्र मिळेल का, हाच असतो. तसे विचारण्यात गैर काही नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतही स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास पूर्ण करावे लागतात आणि त्यांचा रीतसर हिशेब ठेवला जातो. वस्तीतील मुले मात्र तुमचे तास मोजत नाहीत. दादा किंवा ताई ठरल्या वेळी येते की नाही, एवढेच ती पाहतात, आणि लागोपाठ दोन रविवार तुम्ही आला नाहीत तर तिसऱ्या रविवारी निम्मी मुले परस्पर खेळायला निघून जातात.

ठरलेली वेळ कोणती असावी, हे आपल्या सोयीने ठरवून चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान चाळिशीच्या पुढे जाते, त्यामुळे मैदानी खेळ सकाळी लवकर आटोपावेच लागतात, हे कोणालाही समजते. त्याहून कठीण गोष्ट घरांच्या आत असते. शहराच्या पूर्व भागात किंवा विडी कामगार महिलांसाठी कुंभारी येथे उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आई तयार विड्या जमा करायला गेली की धाकटे भावंड सांभाळण्याची जबाबदारी दहा-बारा वर्षांच्या मुलीवर येते. तिने भावाला कडेवर घेऊन गटात यावे आणि त्याच्या रडण्याने खेळ थोडा विस्कटला तरी चालेल, असे गटप्रमुखाने पहिल्याच दिवशी सांगितले नाही, तर ती मुलगी येणार नाही. आणि पुढे ‘आमच्याकडे मुलींचा प्रतिसाद कमी आहे’ असे वाक्य अहवालात लिहिले जाईल, जे माझ्या मते शुद्ध आळसाचे वाक्य आहे.

म्हणून हजेरीवहीत गैरहजेरीची फुली मारून थांबू नये, फुलीसमोर कारण एका शब्दात लिहावे: ‘पाणी’, ‘विड्या’, ‘लग्न’, ‘आजारी’. दोन महिन्यांनी ही पाने उलटून पाहिली तर ज्या गल्लीत ज्या दिवशी नळाला पाणी येते त्या दिवशी तिथल्या मुली गळतात, असे स्पष्ट दिसू शकते, आणि मग वेळ बदलणे एवढाच उपाय उरतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरली की वहीत फुल्याच फुल्या दिसतात. तेव्हा मात्र कारण शोधत बसू नये, आपणही गड्ड्यावर जावे.

भाषेचा प्रश्न सोलापुरात वेगळा आहे. एकाच गटात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुले असतात, आणि खेळाचा नियम फक्त मराठीत सांगितला की काही मुले मान डोलावतात पण खेळताना चुकतात. नियम एकदा आपण सांगावा आणि नंतर गटातीलच एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीला तो तेलुगूत सांगायला लावावा. तिला पुढे करणे ही केवळ भाषेची सोय नाही, कारण वर्षभरात तिने शिट्टी हातात घेऊन अर्धा तास गट चालवला नाही, तर तुम्ही नेतृत्व केले असे म्हणता येत नाही, तुम्ही फक्त मुलांना रमवले.

आता सुरक्षिततेविषयी, आणि इथे माझा आग्रह थोडा कडक आहे. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने थांबू नये, मुलांना रात्री खाजगी संदेश पाठवू नयेत आणि सहलीला नेताना पालकांची लेखी संमती घ्यावी. एखाद्या मुलाने लैंगिक छळाविषयी काही सांगितले, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, अठरा वर्षांखालील मुलाबाबत असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्याने तो पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, मग तो पगारी कर्मचारी असो की विनावेतन स्वयंसेवक. मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, उलटतपासणी घेऊ नये, शक्य तितके त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी सांगावे. संस्था टाळाटाळ करू लागली तरी तुमचे कर्तव्य संपत नाही. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

छायाचित्रांबाबत थोडक्यात सांगतो. वही-वाटपाच्या वेळी मुलांना फलकापुढे ओळीने उभे करून फोटो काढण्याची पद्धत मला अजिबात आवडत नाही. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकूच नयेत.

संस्थेत रुजू होण्यापूर्वी काही प्रश्न तुम्हीच विचारायला हवेत. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, देणगीची पावती दिली जाते का, मुलांबाबत तक्रार आली तर ती कोण हाताळते, आणि तुमची परीक्षा असेल त्या महिन्यात गट कोण घेईल? शेवटच्या प्रश्नावर ‘बघू तेव्हा’ असे उत्तर आले, तर होकार देण्याआधी तुमच्यासोबत दुसरा गटप्रमुख नेमण्याचा आग्रह धरा.