व्हीपीएनची पारख कशी करावी

मित्रहो, व्याख्यान सुरू होण्याआधीच बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "कोणता व्हीपीएन घेऊ? नाव सांगा." त्यामागची निकड मला कळते. कुणाला परदेशी शिकायला गेल्यावर घरच्यांशी व्हिडिओवर बोलायचं असतं, कुणाला प्रवासात असताना ऑफिसच्या यंत्रणेत लॉगिन करायचं असतं, तर कुणी अशा देशात काम करत असतं जिथे बातम्यांची संकेतस्थळंच उघडत नाहीत. तरीही मी नाव सांगणार नाही. एका ठिकाणी, एका कंपनीच्या कनेक्शनवर उत्तम चालणारी सेवा दुसरीकडे रडतखडत चालते, आणि काही महिन्यांनी पहिल्या ठिकाणीही बंद पडू शकते. नावापेक्षा पारखण्याची रीत हाती असलेली बरी. तीच आज सांगतो.

आधी व्हीपीएन नेमकं काय करतो ते थोडक्यात पाहू. तुमच्या फोनमधून किंवा संगणकातून निघणारी माहिती तो एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात बदलून, दूरच्या एका सर्व्हरकडे पाठवतो आणि तो सर्व्हर ती पुढे इंटरनेटवर सोडतो. तुम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फक्त त्या सर्व्हरचा पत्ता, माहितीचा आकार आणि वेळ दिसते. पलीकडच्या संकेतस्थळाला तुमच्याऐवजी सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, दिसतो. एवढंच त्याचं काम. बनावट पानावर तुम्ही टाइप केलेला पासवर्ड, फोनमध्ये शिरलेलं घातक ॲप, लॉगिन करून तुम्हीच सांगितलेली ओळख, यातलं काहीही व्हीपीएन अडवत नाही. शिवाय तुम्ही कुठल्या संकेतस्थळांवर जाता हे जे इंटरनेट कंपनीला दिसत होतं, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू लागतं. म्हणजे तुम्ही विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवता. हा दुसरा कोण, हे पाहायलाच हवं.

म्हणून कंपनी जे जे दावे करते, त्यांतले कोणते आपल्याला स्वतः तपासता येतात आणि कोणते येत नाहीत, हे मी आधी वेगळं करतो. वेग, सर्व्हरची जागा, व्हीपीएनबाहेर होणारी माहितीची गळती, तुटलेलं कनेक्शन सांभाळण्याची तऱ्हा, हे सगळं घरबसल्या तपासता येतं. "आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही" हे मात्र आपल्याला कधीच तपासता येत नाही. त्या बाबतीत आधी काय घडलंय तेच पाहावं लागतं.

आणि घडलेलं बरंच आहे. २०१७ साली अमेरिकेत एका छळाच्या प्रकरणात एफबीआयने न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रातून उघड झालं की प्युअरव्हीपीएन या कंपनीच्या नोंदींवरून आरोपीच्या घरचा आणि कामाच्या ठिकाणचा आयपी पत्ता जुळवता आला. कंपनीची जाहिरात मात्र नोंदी न ठेवण्याची होती. आरोपी पकडला गेला याचं मला समाधानच आहे; आपल्यासाठी महत्त्वाचं इतकंच की दावा आणि वस्तुस्थिती यांत फरक निघाला. २०२० साली हाँगकाँगशी संबंधित काही मोफत व्हीपीएन सेवांचे सर्व्हर उघड्यावर सापडले आणि त्यांत वापरकर्त्यांच्या नोंदी होत्या. या सेवाही नोंदी ठेवत नसल्याचं सांगत होत्या.

उलट उदाहरणंही आहेत. २०१६ साली तुर्कस्तानात रशियाच्या राजदूताची हत्या झाली. त्या तपासात पोलिसांनी एक्स्प्रेसव्हीपीएन या सेवेचा सर्व्हर जप्त केला, पण त्यातून तपासाला उपयोगी पडेल असं काही मिळालं नाही. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन मलवाड या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्गमधल्या कार्यालयात गेले आणि काहीही न घेता परतले. ही कंपनी खातं उघडताना ईमेलसुद्धा मागत नाही, नुसता एक क्रमांक देते. जी माहिती घेतलीच नाही ती द्यावीही लागत नाही. माझ्या मते अशा प्रसंगांना जाहिरातीतल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त वजन द्यायला हवं. बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेलं ऑडिटही उपयोगी असतं, पण ते त्या तारखेपुरतं आणि ठरलेल्या व्याप्तीपुरतं असतं. अहवाल कधीचा आहे, तपासणी ॲपची होती की सर्व्हरची, आणि पूर्ण अहवाल वाचायला मिळतो का, एवढं तरी पाहा.

मालक कोण हेही पाहा. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस या व्हीपीएन सेवा आधीपासून होत्या. २०२१ साली तिने ९३.६ कोटी डॉलरना एक्स्प्रेसव्हीपीएन घेतली. त्याच वर्षी व्हीपीएनची तुलना करणारी काही नावाजलेली संकेतस्थळं चालवणारी कंपनीही तिने घेतली. म्हणजे परीक्षा देणारा आणि गुण देणारा एकाच घरातला झाला. "पहिले दहा व्हीपीएन" असली यादी वाचताना ती कुणाच्या पैशावर चालते, हे आधी शोधा. पुष्कळशा याद्यांना तुमच्या खरेदीमागे कमिशन मिळतं.

मोफत सेवांबद्दल मी कडक आहे. फेसबुकने २०१३ साली ओनावो ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या मोफत व्हीपीएन ॲपमधून लोक इतर कोणती ॲप किती वापरतात याची माहिती गोळा केली. २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून गेलं. २०१५ साली कळलं की होला ही सेवा मोफत वापरणाऱ्यांचीच इंटरनेट जोडणी तिसऱ्यांना विकत होती. मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ९११ एस५ नावाचं जाळं उद्ध्वस्त केलं. त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते अडकले होते आणि मोफत व्हीपीएन प्रोग्रॅम हा लोकांच्या संगणकांत शिरण्याचा एक मार्ग होता. अशा वेळी दुसऱ्याचा गुन्हा तुमच्या पत्त्यावरून होतो. पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर चालणाऱ्या काही कंपन्या मर्यादित मोफत योजना देतात, त्या वेगळ्या. पण जिथे उत्पन्नाचा मार्गच दिसत नाही, तिथे जाऊ नका.

आता जे तपासता येतं त्याकडे येऊ. पैसे एका महिन्याचेच भरा, किंवा पैसे परत मिळण्याची मुदत नीट वाचून त्या मुदतीत सगळ्या चाचण्या उरका. दोन-तीन वर्षांची योजना स्वस्त दिसते, पण ती चाचणीनंतरची गोष्ट आहे.

पहिली चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती भौतिकशास्त्रावर उभी आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटर जाऊन परत यायला किमान १० मिलिसेकंद लागणारच. आता व्हीपीएन बंद ठेवून त्या सर्व्हरच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. कंपनी म्हणते सर्व्हर ६,००० किलोमीटर दूर आहे, आणि उत्तर येतंय २० मिलिसेकंदात. ते शक्यच नाही. तो सर्व्हर २,००० किलोमीटरच्या आतच कुठेतरी असणार. उलट बाजू मात्र सिद्ध होत नाही, कारण जवळचा सर्व्हरही वळसा घेऊन उशिरा उत्तर देऊ शकतो. २०१८ साली संशोधकांनी याच तत्त्वावर सात व्हीपीएन सेवांचे २,२६९ सर्व्हर तपासले. त्यांतले किमान एक तृतीयांश सर्व्हर सांगितलेल्या देशात नव्हतेच. हे दरवेळी फसवणुकीपायीच होतं असं नाही. भारतात २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपणं बंधनकारक झालं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी तिथले सर्व्हर काढून घेतले आणि भारतीय पत्ते बाहेरच्या देशांतून द्यायला सुरुवात केली. कंपनी हे उघड सांगत असेल तर तक्रार नाही. लपवत असेल तर बाकीच्या दाव्यांवर कशाला विसंबायचं?

वेगाच्या बाबतीत लोक एकदा चाचणी घेतात, मोठा आकडा बघून खूश होतात. तसं करू नका. आधी व्हीपीएनशिवाय मोजा, मग लगेच व्हीपीएन लावून मोजा, आणि हेच रात्रीच्या गर्दीच्या वेळी पुन्हा करा. देशाबाहेर जाणाऱ्या मार्गांवर तेव्हाच कोंडी होते. डाउनलोडच्या आकड्यापेक्षा उत्तराला लागणारा वेळ, त्यातली चढउतार आणि वाटेत हरवणारी पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, जास्त बोलतात. हिशेब करून पाहा: एका दमात ६४ किलोबाइट पाठवून पोच येईपर्यंत २०० मिलिसेकंद थांबायचं झालं, तर सेकंदाला पाचच फेऱ्या होतात. म्हणजे जेमतेम २.६ मेगाबिट, मग कनेक्शन १०० मेगाबिटचं असो की ५०० चं. आजची यंत्रणा एका दमात यापेक्षा बरंच जास्त पाठवते, पण पॅकेट हरवलं की हात आखडता घेते. म्हणून लांबच्या, गळक्या मार्गावर मोठं कनेक्शनही लंगडतं. व्हिडिओ कॉल तुटतात ते बहुतेकदा यामुळे. तेव्हा कामापुरता जवळचा सर्व्हर निवडा.

एक विचित्र लक्षण सांगून ठेवतो, कारण त्याने लोक फार हैराण होतात. काही पानं झटकन उघडतात, काही अर्धवट लटकतात, मोठी फाइल चढतच नाही. व्हीपीएन म्हणजे पाकिटात घातलेलं पाकीट. बाहेरच्या पाकिटालाही जागा लागते. साधारण पॅकेटची कमाल मर्यादा १,५०० बाइट. त्यातले वायरगार्ड हा व्हीपीएनचा एक प्रोटोकॉल, म्हणजे जोडणीची पद्धत, ६० ते ८० बाइट घेतो, म्हणून त्याचा नेहमीचा एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची मर्यादा, १,४२० असतो. मधल्या एखाद्या मार्गाची मर्यादा याहून कमी असली तर मोठी पॅकेट्स गुपचूप गळतात. सेटिंगमध्ये एमटीयू १,२८० करून पाहा. पुष्कळदा दुखणं तिथेच संपतं.

गळतीच्या चाचण्या चुकवू नका. संकेतस्थळाचं नाव पत्त्यात बदलून देणारी डीएनएसची विचारणा व्हीपीएनबाहेरून जात असेल, तर इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठे जाता ते कळतंच. त्यासाठीची चाचणी-संकेतस्थळं आहेत. निकालात तुमच्याच इंटरनेट कंपनीचं नाव आलं तर गळती आहे. तिसरंच नाव आलं तर घाबरण्याआधी ब्राउझरचा सुरक्षित डीएनएस चालू आहे का ते पाहा. आयपीव्ही६ हा नव्या पद्धतीचा आयपी पत्ता बाहेर पडतो का आणि वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या कॉलच्या सोयीमुळे ब्राउझर खरा पत्ता सांगतो का, हेही तपासा.

मग किल स्विच, म्हणजे व्हीपीएन तुटला की इंटरनेटच थांबवणारी सोय. सतत पिंग चालू ठेवा, फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या, संगणक झोपवून उठवा, ॲप जबरदस्तीने बंद करा. व्हीपीएन नसताना एकही उत्तर आलं, तर तो किल स्विच नावापुरता आहे. अँड्रॉइडमध्ये व्हीपीएन कायम चालू ठेवण्याची आणि त्याशिवाय जोडणी अडवण्याची सोय यंत्रणेतच आहे, ती वापरा. मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन नावाची त्रुटी उघड झाली. ज्या वायफायवर तुम्ही आहात, त्याचा चालक डीएचसीपी या, यंत्राला नेटवर्कचा पत्ता आणि मार्ग देणाऱ्या यंत्रणेच्या १२१ क्रमांकाच्या पर्यायातून तुमची वाहतूक व्हीपीएनबाहेर वळवू शकत होता, आणि ॲप मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवत राहायचं. अँड्रॉइड तो पर्याय विचारातच घेत नाही, म्हणून त्याला या त्रुटीचा धोका नव्हता. ज्यांना जमेल त्यांनी राउटरवर वायरशार्क या पॅकेट्स तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पॅकेट्स पाहावीत. व्हीपीएन चालू असताना त्या यंत्राकडून बाहेर फक्त एकाच पत्त्याकडे वाहतूक जायला हवी. ॲपच्या हिरव्या खुणेपेक्षा मी त्यावर विसंबतो.

आता सर्वांत अवघड भाग. जिथे सरकारच व्हीपीएन अडवतं, तिथलं काय? वायरगार्ड वेगवान आहे, त्याचा कोड सुमारे ४,००० ओळींचा, म्हणून तपासायला सोपा. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातही आलं. पण आपण व्हीपीएन आहोत हे ते लपवत नाही. त्याचा पहिला संदेश नेहमी बरोबर १४८ बाइटचा असतो, त्यामुळे तो ओळखून अडवणं सोपं जातं. २००१ पासूनचं ओपनव्हीपीएन हा दुसरा प्रोटोकॉल जास्त लवचीक आहे, पण मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये त्याच्या ८५ टक्क्यांहून जास्त जोडण्या ओळखून दाखवल्या. चीनने नोव्हेंबर २०२१ पासून याच्याही पुढचं पाऊल टाकलं. जी वाहतूक कुठल्याच ओळखीच्या प्रकारात बसत नाही आणि नुसती विस्कळीत बाइट्ससारखी दिसते, तीच अडवायला सुरुवात केली. म्हणून आताच्या पद्धती साध्या वेब वाहतुकीसारखं दिसण्याचा प्रयत्न करतात. अशा देशात जाणाऱ्याने वाहतूक लपवण्याची सोय असलेली सेवा घ्यावी आणि दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या प्रोटोकॉलची तयारी ठेवावी. सगळं आधीच उतरवून, लॉगिन करून ठेवावं. ॲपलने २०१७ मध्ये चीनच्या आणि २०२४ मध्ये रशियाच्या स्टोअरमधून व्हीपीएन ॲप काढली आहेत; तिथल्या स्टोअरमध्ये शोधायला गेलात तर ती मिळणार नाहीत.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठीतून विचारलंय, "हे कायद्यात बसतं का?" बहुतेक देशांत व्हीपीएन वापरणं कायदेशीर आहे, पण सगळीकडे सारखं नाही. चीनमध्ये सीमापार व्हीपीएन सेवेला सरकारी मंजुरी लागते. रशियात नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातलेल्या संकेतस्थळांपर्यंत पोचवणाऱ्या सेवांना मनाई आहे. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड होऊ शकतो, आणि तिथे इंटरनेटवरून करायच्या कॉलवरही निर्बंध आहेत. तेव्हा ताई, ज्या देशात जाणार आहात तिथला सध्याचा नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा. कंपनीच्या कामासाठी जात असाल तर कंपनीच्या आयटी विभागाकडून मंजूर जोडणी लेखी मागून घ्या. आणि बँकेचं ॲप तेवढं व्हीपीएनबाहेर ठेवा. अनोळखी देशातून लॉगिन दिसलं की बँक खातं गोठवू शकते, आणि परक्या ठिकाणी ते सोडवायला बराच वेळ जातो.