फ्लॉपीतली गाणी आणि घरचा सर्व्हर

धुळ्यात बोलायचं तर आरंभ राजवाड्यांपासूनच करायला हवा. इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६ साली याच गावात वारले. घरोघरची दप्तरं हुडकत माणूस आयुष्यभर हिंडला. ती पत्रं आजही वाचता येतात. मोडी शिकली की झालं. माझ्याकडे १९९८ सालची फाइल आहे, मीच देवनागरीत टाइप केलेली, आणि ती मला वाचता येत नव्हती. पत्रिकेवर विषय 'घरचा सर्व्हर' छापलाय. त्याकडे येतोच, पण आधी हे ऐका.

माझी आई कानबाईची, आपल्या खानदेशातल्या देवीची, गाणी म्हणायची. श्रावणात कानबाई बसली की रात्र रात्र. मी तेव्हा डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायची, कामं करायचो. ती म्हणत गेली, मी टाइप करत गेलो, अहिराणीतच. साध्या मजकुराला फ्लॉपीचे १.४४ एमबी म्हणजे पुष्कळ. तरी दोन प्रती केल्या. पुढे सगळी गाणी फुकट जागा देणाऱ्या एका संकेतस्थळावर चढवली आणि निर्धास्त झालो. त्या कंपनीनं गाशा गुंडाळला. बंद करत असल्याचा मेल आला तो माझ्या जुन्या पत्त्यावर, मी कधीच सोडलेल्या. गाणी गेली. मागोमाग आईही गेली. आजही बोलताना घसा दाटतो.

राहिल्या फ्लॉप्या, माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात. आपल्याकडचे तापलेले मे महिने त्या डब्यानं किती काढले असतील! भंगारातून ड्राइव्ह मिळवला, त्याचं हेड अल्कोहोलनं पुसलं. पहिली फ्लॉपी करकरली आणि बसली. दुसरीची पत्र्याची झडप सरकवली, तर चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके. बोटभर फिरवायची, पुसायची, पुन्हा फिरवायची. ती वाचली! फाइल उघडली तर नुसती रोमन अक्षरं, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पोटात रेघ.

कारण सांगतो, इथे डीटीपीवाले बरेच बसलेत. एका बाइटात २५६ घरं. रोमन अक्षरांच्या त्या घरांत फॉण्टवाल्यांनी अर्धा क, काना, वेलांटी, रफार बसवले, प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं. तो फॉण्ट गेला की मजकूर मुका. प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड १९९१ पासून होतं, पण आपल्या दुकानांत ते यायला फार वर्षं लागली. मग जुनी अक्षरं युनिकोडमध्ये बदलायला मी पायथन या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहायला बसलो. ऱ्हस्व वेलांटीनं रडवलं. जुन्या फाइलीत ती दिसते तशी, अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, नंतर. म्हणजे 'अहिराणी'तली वेलांटी उचलून 'ह'च्या पलीकडे ठेवायची. रफाराचं उलट: 'सूर्य'मधला रफार 'य'च्या नंतरून काढून 'य'च्या आधी आणायचा. असं करत एका रात्री पूर्ण ओळ उमटली. आई श्वासाला जिथे थांबायची, तिथे मी स्वल्पविराम दिले होते. तेही जागच्या जागी होते.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर घरचा सर्व्हर, म्हणजे आपल्या फाइली घरीच सांभाळणारा, कायम चालू असलेला संगणक. नवं काही घेऊ नका, पडून असलेला लॅपटॉप चालेल. त्याची बॅटरी हाच यूपीएस, वीज गेली तरी तो पडत नाही. मात्र सतत चार्जिंगवर बॅटरी फुगू शकते, तेव्हा सोय असेल तर चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घाला आणि तापणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. त्यावर डेबियन ही फुकट संगणक प्रणाली टाका. फोटो साठवायला नेक्स्टक्लाउड हा प्रोग्रॅम. बाहेरून सुरक्षित पोचायला वायरगार्ड. पण बऱ्याच इंटरनेटवाल्यांकडे एकच इंटरनेट पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, मग बाहेरून तुमचं घर सापडत नाही; त्यांच्याकडे स्वतंत्र पत्ता मागा. रोज रात्री आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रॅमनं दुसरी प्रत दुसऱ्या गावी पाठवा. माझी नंदुरबारला बहिणीकडे जाते. आणि मजकूर साध्या युनिकोड फाइलीतच ठेवा, नाहीतर डिस्क घरात असून उपयोग नाही.

गाण्यांची फाइल मी आणलीय. लॅपटॉप व्हरांड्यात ठेवतो, पेन ड्राइव्ह असेल त्यांनी घेऊन जा. आणि कुणाच्या माळ्यावर जुन्या फ्लॉप्या असतील तर मला सांगा, ड्राइव्ह अजून चालू आहे.