मोहाखालचा अंधार

(काळा पडदा. फक्त आवाज: टप. थोडं थांबून पुन्हा टप.)

हे दव नाही. मार्च महिन्यात चोपडा तालुक्यात दव कुठलं? मोहाची फुलं गळताहेत. पहाटेचे साडेतीन वाजलेत. पण गोष्ट सुरू झाली ती परवाच्या संध्याकाळी.

(दृश्य: शेताचा बांध, निष्पर्ण मोह, मागे सातपुड्याची रांग.)

पूर्वेला यावल अभयारण्य आहे. तिथे फोटोग्राफीसाठी परवाना लागतो, आणि रात्री तर आत जायचा प्रश्नच नाही. म्हणून रात्री वटवाघळांचे फोटो काढायला मी बांधावरचं हे झाड निवडलं. खरं तर निवडलं आबांनी. शेत त्यांचं, झाडही त्यांचंच.

सह्याद्रीतल्या दमट जंगलात रात्री फोटो काढणारे लेन्सवर साचणाऱ्या बाष्पाला वैतागतात. आमच्याकडे वैताग धुळीचा. पण एक सोय मोठी आहे. मोह फुलतो तेव्हा बहुतेक पानं गळून गेलेली असतात. फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस लोंबतात आणि मागे नुसतं काळं आभाळ.

पाहुणे येतात साडेसातनंतर. फळं खाणारी वटवाघळं. अंग मुठीत मावेल एवढं, पंख पसरले की हातभर. घोसाला लटकायचं, गरदार फूल तोंडाने ओढायचं आणि दूरच्या झाडावर नेऊन खायचं. फूल ओढताना तोंडाला पराग लागतात, तेच पुढच्या घोसावर पोचतात.

पहिल्या रात्री मी फ्लॅश पूर्ण ताकदीने लावला होता. एकच फोटो आला, तोही पांढरा फटक. नंतर पाऊण तास झाडावर काही हललं नाही. खाटेवर पडलेले आबा तिथूनच म्हणाले,

"भाऊ, त्यासले बी डोया शेतस ना. तू त्यासनापुढे इज पाडी राहिना."

आबांचं बरोबर होतं. किडे खाणारी छोटी वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर अंधारात वाट काढतात. ही फळखाऊ मंडळी मात्र डोळ्यांवर आणि नाकावर विसंबतात. त्यांचे डोळे टपोरे, अंधाराला सरावलेले. त्यांच्या तोंडावर मी वीज पाडत होतो.

(दृश्य: लाल उजेडात कॅमेरा लावणारे हात, जवळून.)

दुसऱ्या रात्री सगळं बदललं. सर्वात खालचा घोस दिवसाउजेडी फोकस करून ठेवला आणि फोकसची रिंग चिकटपट्टीने बांधून टाकली. फ्लॅश दोन, दोन्ही बाजूंना, 1/32 ताकदीवर. उजेड कमी म्हणजे फोटो काळा, असं वाटेल. पण फ्लॅशची ताकद उतरवली की तो पेटतोही कमी वेळ. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. गडद अंधारात चित्र उमटतं ते तेवढ्याच क्षणाचं, म्हणून फडफडणारा पंखही थिजल्यासारखा दिसतो. घोसाच्या वाटेवर इन्फ्रारेडची अदृश्य रेघ लावली. वटवाघूळ ती ओलांडतं आणि आपला फोटो आपणच काढतं. माझं काम एवढंच की गप्प बसायचं. खोकलासुद्धा नेमका तेव्हाच येतो.

एक जुना राग सांगून टाकतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवलेली होती. 2022च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. पन्नास वर्षं लागली.

(आवाज: पावलं, टोपल्यांची खसखस.)

चारच्या सुमाराला बायका येतात. फुलं वेचायची तर कोल्ह्याच्या आणि गुरांच्या आधी पोचावं लागतं. काही ठिकाणी फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यातून वणवे लागतात. आबांनी पाला झाडून, जुनी साडी अंथरली आहे. मी फ्लॅश बंद करतो आणि कॅमेऱ्याचा पडदा आबांपुढे धरतो.

पडद्यावर एक वटवाघूळ: पंखांच्या नसा दिसताहेत, हनुवटी परागाने पिवळसर, तोंडात फूल.

मी सांगतो, पराग असेच पोचतात, मग मोहाचं फळ, म्हणजे टोळंबी धरते, तिच्या बियांतून तुमचं तेल निघतं. आबा ऐकतच नाहीत. ते त्या फुलाकडे बघताहेत.

"तरीच म्हनू," ते म्हणतात, "सकायले टोपली कसाले भरत नही!"