काचेतलं बाळ आणि आजोबांचा पटका

नमस्कार श्रोतेहो. 'बाळाला काचेत ठेवलंय.' हे वाक्य फोनवर ऐकलं की घरादाराच्या पोटात गोळा येतो. काच म्हणजे पेटी, इन्क्युबेटर. दिवस भरायच्या आत जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं बाळ उबेला ठेवायची जागा. मी 31 वर्षं नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका होते. म्हणजे खरं सांगायचं तर 31 वर्षं दारात उभी राहून आयांना 'बाहेर थांबा' म्हणत होते. आज त्या दाराबद्दल बोलायचंय. पण आधी एक गोष्ट. माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी ती दोनदा तरी ऐकलीय, आता तुमची पाळी.

2009 सालचा डिसेंबर. तालुक्याचं एक रुग्णालय, कुठलं ते राहू द्या. आमच्याकडे वॉर्मर तीन. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा उघडा पाळणा. त्यातला एक महिनाभर बंद, उरलेल्या दोघांवर दोन बाळं. रात्री अकराच्या सुमारास माणदेशातली एक बाई आली, अंगाला झटके येत होते. सिझेरियन करून मुलगी काढली. वजन 1480 ग्रॅम. म्हणजे दीड किलोलाही कमी. आईची शुद्ध हरपली होती, तिला जिल्ह्याच्या गावी हलवलं, नवरा सोबत गेला. रुग्णवाहिका एकच. बाळाला सकाळी पाठवायचं ठरलं. तोवर एका वॉर्मरवर दोन बाळं शेजारी शेजारी. असं करू नये, एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होतो, हे मला पाठ होतं. पण करणार काय?

दोन वाजता वीज गेली. जनरेटर खोकला, दोन झटके दिले आणि गप्प बसला. मी टॉर्चच्या उजेडात मुलीचं तापमान बघितलं. 35.4 अंश सेल्सिअस. साडेछत्तीसच्या वर हवं. तळपाय हाताला गार लागले. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, तर त्यांनी बाळ भाजलेलंही मी पाहिलेलं.

बाहेर व्हरांड्यात आजोबा बसले होते. घोंगडं पांघरून, जागेच. मुलीच्या बापाचे वडील, जातीचे धनगर, सत्तरीच्या घरातले. मी कांगारू पद्धतीचं, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी बांधून ऊब द्यायचं, प्रशिक्षण घेतलं होतं. पण ते आईसाठी, आणि बाळ स्थिर झाल्यावर. इथे आई नव्हती आणि बाळही स्थिर नव्हतं. तरी गेले. म्हटलं, "आजोबा, नातीला उघड्या छातीशी धरून बसाल का? सकाळपर्यंत?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "आवं शिष्टरबाई, ह्ये मला काय सांगताय? थंडीतली कोकरं म्या सदऱ्यात घालूनच जगिवल्यात."

आधी अंघोळ. स्वयंपाकघरात बंब होता, गॅस आला तरी कुणी काढला नव्हता, त्याचं देवानं भलं करावं. कडकडीत पाण्यानं आजोबा अंग घासून आले, नखं कापली, तंबाखूची पिशवी माझ्याकडे जमा. बाळ छातीला बांधायला कापड हवं. चादरी सगळ्या ओल्या. आजोबांनी पिशवीतून घडीचा पांढरा पटका काढला. धुतलेला, कोरा करकरीत. बारशाला बांधायचा म्हणून सोबत आणलेला.

मुलीला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. आजोबांच्या छातीवर उभी ठेवली, पाय बेडकासारखे दुमडून, मान एका बाजूला, नाक मोकळं. पटक्याचे वेढे दिले. वरून घोंगडं नाही, ते मी दिलं नाही. माझी शाल दिली. बसायला डॉक्टरांच्या खोलीतली खुर्ची ओढून आणली. (इथे एक बोलून घेते. रुग्णालयांत लाखांची यंत्रं येतात, फीत कापली जाते, फोटो निघतात. पण बाळंतिणीला पाठ टेकून बसता येईल अशी खुर्ची अजून कित्येक ठिकाणी नाही. लाकडी स्टूल! टाके पडलेल्या बाईला स्टूल! असो.)

तीन वाजता तापमान 36.1. चार वाजता 36.7. मी टॉर्च धरून पुन्हा बघितलं. 36.7. मी म्हटलं, "आजोबा, पाय मोकळे करा थोडे." ते कुजबुजले, "जित्राब पोटाला लागलं की मानसानं हलायचं न्हाई." सात वाजेपर्यंत हलले नाहीत.

सकाळी डॉक्टर आले, दारातच थबकले. "हे काय?" मी काही बोलले नाही, तापमानाचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, आजोबांकडे बघितलं आणि म्हणाले, "बसू दे." मुलीला हलवलंच नाही. नळीतून दूध, आणि ऊब आजोबांची. सहाव्या दिवशी आई आली, भिंतीला धरत धरत. आजोबांनी पटक्यासकट मुलगी तिच्या गळ्यात दिली. घरी जाताना वजन काट्यावर बघून म्हणाले, "पावणेदोन किलो? आवं, आमची कोकरं जल्मताच तीनाची असत्यात!"

तर ही गोष्ट. वेळ बराच गेला, आता भरभर सांगते.

ही पद्धत सुरू झाली 1978 मध्ये, कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात. डॉक्टर एडगर रे सानाब्रिया आणि पुढच्या वर्षी आलेले डॉक्टर हेक्टर मार्टिनेझ. पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत दोन-दोन बाळं, जंतुसंसर्ग. म्हणजे आमच्यासारखीच अडचण! त्यांनी बाळं आयांच्या छातीशी दिली. नाव पडलं कांगारू. आपली वानरीण पिल्लू पोटाशी घेऊन जन्मभर उड्या मारते, पण मान मिळाला कांगारूला.

पण श्रोतेहो, आजोबांची गोष्ट हा पुरावा नाही. एक बाळ जगलं म्हणून शंभर जगतील असं कुणी म्हणू नये. त्यासाठी मोजावं लागतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, निवड कुणाच्या मर्जीवर ठेवायची नाही, आणि मग मोजायचं. माझ्या मनात एकच प्रश्न होता: बाळ स्थिर व्हायची वाट बघायची, की जन्मल्या जन्मल्या छातीशी द्यायचं? आमचं पुस्तक म्हणायचं, वाट बघा.

2017 ते 2020 मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया अशा पाच देशांत याची चाचणी झाली. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक किलो ते 1.8 किलोच्या आतली 3211 बाळं. एका गटाला लगेच छातीशी, दिवसाचे जवळजवळ 17 तास. दुसऱ्या गटाला नेहमीसारखं, आधी कक्षात, स्थिर झाल्यावर छातीशी. पहिल्या 28 दिवसांत नेहमीच्या गटात शंभरातली 15.7 बाळं दगावली. लगेच छातीशी दिलेल्या गटात 12. पुन्हा सांगते, जवळजवळ सोळा आणि बारा. चाचणीवर देखरेख करणाऱ्या मंडळींनी मधेच आकडे पाहिले आणि ती ठरल्या वेळेआधी थांबवायला सांगितली. उरलेल्या बाळांना आईपासून लांब ठेवणं आता बरोबर नाही म्हणून. संसर्गाचा संशयही कमी आला, अंग गार पडणंही.

आणि यासाठी त्या रुग्णालयांनी केलं काय? आईची खाट बाळाच्या अतिदक्षता कक्षात आत नेली. दार उघडलं. मी ज्या दारात उभी असायचे, तेच. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ शक्य तितक्या लवकर छातीशी द्या, दिवसातून आठ ते चोवीस तास. आठ तास, श्रोतेहो. आठ मिनिटं नाही.

घरीही हे करता येतं. हरियाणात 8402 बाळांचे असेच दोन गट करून एका गटात घरी कांगारू पद्धत सुरू करून पाहिली, तिथेही मृत्यू कमी झाले. बाळंतीण थकली तर बाप, आजी, आजोबा, कुणीही आंघोळ करून बसावं. फक्त सर्दी-खोकला असलेल्यानं नको. आणि बाळ बघायला येणाऱ्यांनी पहिला महिना मोबाईलवर बघावं, जत्रा भरवू नये, हे माझं कायमचं म्हणणं. बाळ निळं पडलं, दूध ओढेना, श्वास अडखळला, तर छातीशी धरूनच रुग्णालय गाठा. नेतानाही छातीशी.

उरलं दूध कसं पाजायचं ते. नळीनंतर वाटी-बोंडलं, बाटली अजिबात नको. त्यावर पुढच्या बुधवारी, याच वेळी. आणि हो, पटका परत द्यायला निघाले तेव्हा आजोबा नको म्हणाले होते. बरीच वर्षं तो आमच्या कक्षातच होता. पुढच्या बाळांना बांधून बांधून शेवटी त्याची लंगोटं झाली. नमस्कार.