रबाबा वाजवणारा माणूस

मंडळी, बेदुइन म्हणजे अरबी वाळवंटातल्या भटक्या टोळ्या, त्यांचं संगीत म्हटलं की तुमच्यातल्या दुबईला जाऊन आलेल्यांना डेझर्ट सफारीचा तंबू आठवत असेल, मोठे स्पीकर आणि बेली डान्स. त्याचा बेदुइनांशी फारसा संबंध नाही. मला आज बोलायचंय ते जॉर्डन, सिनाई, उत्तर सौदी या पट्ट्यात रबाबा वाजवून गाणाऱ्या माणसाबद्दल.

रबाबा म्हणजे लाकडाची चौकट, तिच्यावर ताणलेलं बकरीचं कातडं आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांची एकच तार, गजालाही तेच केस. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं, मग वाजवायच्या आधी तो शेकोटीजवळ धरून शेकवायचा. हात जागेवरून न हलवता त्यावर जेमतेम चार-पाच सूर निघतात आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, एवढंच? पण त्या माणसासाठी मुख्य गोष्ट कविता असते हो, तार तिला साथ करते, एक ओळ तारेवर, मग तीच गळ्यातून, पुन्हा तार. ही नबाती कविता, म्हणजे बोलीतली. तिच्यात उंटाचं कौतुक असतं, दुष्काळ असतो, टोळ्यांच्या लढाया असतात, प्रेम तर असतंच, आणि गाणाऱ्यांतल्या कित्येकांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणजे सगळं पाठ!

मैफल जमायची ती कॉफीभोवती. कॉफी भाजून लाकडी उखळात कुटायची, त्याला मिहबाश म्हणतात, आणि ते कुटणंही तालात, तो आवाज ऐकूनच शेजारच्या तंबूतले लोक यायचे. उंटावरून जाताना म्हणायची गाणी वेगळी, हजेनी, त्यांची लय उंटाच्या चालीची, आपल्या ओव्यांना जशी जात्याची. टोळीतला माणूस पाहुण्यांसाठी वाजवतो तेव्हा पैसे घेत नाही, तो त्याचा मान. पैसे घेऊन वाजवणारे बहुतेक टोळीबाहेरचे भटके कलावंत, त्यांची कला सगळ्यांना हवी पण त्यांच्याशी सोयरीक नको. मला हे फार लागतं, कारण वाद्य तेच, कष्टही तेच, आणि मान मात्र जन्मावर ठरायचा.

मग रेडिओ आला. जॉर्डनमध्ये रबाबावादक अब्दो मूसा यांनी रबाबा रेडिओवरून घरोघरी पोचवला, नंतर कॅसेट आल्या, तंबूतली माणसं पक्क्या घरांत गेली, उंटांच्या जागी पिकअप आले. कविता मात्र टिकली बरं का. अबुधाबीत 2006 पासून नबाती कवितेचा टीव्हीवर रिअॅलिटी शो चालू झाला आणि 2010 मध्ये हिसा हिलाल ही सौदी कवयित्री, पूर्ण बुरख्यात, कट्टर फतवे काढणाऱ्यांवर थेट कविता म्हणून तिसरी आली. त्यात पाठांतर, छंद, सभाधीटपणा हे सगळं जुनंच आहे, फक्त रबाबा मागे पडला.

जॉर्डनमधल्या पेट्रा आणि वादी रमच्या बेदुइनांची संस्कृती युनेस्कोने 2005 मध्ये गौरवली, वादी रमला आता टुरिस्ट कॅम्प भरपूर आहेत आणि तिथे रात्री रबाबा वाजतोही, पण जेवण चालू असताना, लोक फोटो काढत असताना, दोन तुकडे वाजवून संपतो. तुम्ही गेलात तर कॅम्पवाल्याला आधीच सांगा की आम्हाला एक आख्खी कसीदा, म्हणजे लांब कविता, ऐकायचीय, आणि शेजारी कुणी इंग्रजी येणारा असेल त्याला प्रत्येक ओळीचा अर्थ विचारत बसा, जेवण थोडं गार झालं तरी चालेल.