‘सब्बकाय’ म्हणजे कोणती काया?

कुरू देशातील कम्मासधम्म या गावी भगवान बुद्धांनी भिक्खूंना सतिपट्ठान सुत्ताचा, म्हणजे सजगतेच्या साधनेविषयीच्या सूत्राचा, उपदेश केला. श्वासाच्या निरीक्षणाविषयीचा त्यातील भाग अगदी थोडक्या ओळींचा आहे. परंतु त्यातील पुढील एका पाली ओळीचा अर्थ लावताना आचार्यांमध्येही एकमत झालेले नाही: ‘सब्बकायपटिसंवेदी अस्ससिस्सामीति सिक्खति.’ सर्व काया अनुभवत श्वास घेईन, असा तो अभ्यास करतो.

ही सर्व काया कोणती, याचे एक उत्तर विसुद्धिमग्ग या साधनेवरील पाली ग्रंथात मिळते. पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात हा ग्रंथ रचणारे आचार्य बुद्धघोष सांगतात, की येथे काया म्हणजे श्वासाचीच काया, आणि तिचा आरंभ, मध्य व शेवट हे तिन्ही साधकाला स्पष्ट जाणवले पाहिजेत. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध केल्यामुळे तो आपल्या लिपीत वाचता येतो. बुद्धघोषांच्या अर्थाला मूळ सुत्ताचाही आधार आहे: श्वासाच्या साधनेविषयीच्या आनापानस्सति सुत्तात ‘कायेसु कायञ्ञतराहं, भिक्खवे, एवं वदामि यदिदं अस्सासपस्सासा’ असे म्हणून आश्वास-प्रश्वासांना कायांपैकीच एक काया म्हटले आहे. गंमत अशी, की ‘अस्सास’ म्हणजे आत घेतलेला श्वास की बाहेर सोडलेला, यावरही विनयाची (भिक्खूंच्या नियमांची) अट्ठकथा, म्हणजे भाष्य, आणि सुत्तांच्या अट्ठकथा परस्परविरुद्ध बोलतात, आणि बुद्धघोष हा मतभेद न लपवता नोंदवतात.

दुसरे उत्तर शब्दशः आहे: सर्व काया म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचे सगळे शरीर. इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिकवल्या जाणाऱ्या, सत्यनारायण गोयंका यांच्या विपश्यना परंपरेत हाच अर्थ घेतला जातो. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात साधक आधी नाकपुड्यांखालच्या, वरच्या ओठावरच्या लहानशा जागेवर मन स्थिर करतो आणि नंतर संपूर्ण शरीरावरील संवेदना पाहू लागतो.

सतिपट्ठान सुत्तापुरता विचार केला, तर दुसरा अर्थ मला अधिक पटतो आणि त्याचे कारण क्रियापदात आहे. दीर्घ व ऱ्हस्व श्वासाच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर ‘पजानाति’, म्हणजे जाणतो, असे म्हटले आहे. कुशल कातारी (लाकूड कातणारा कारागीर) लांब ओढ घेताना लांब घेतो आहे हे जाणतो, ही सुत्तातील उपमाही तेच सांगते. तिसऱ्या पायरीपासून, म्हणजे आपल्या या ओळीपासून, मात्र ‘सिक्खति’, म्हणजे शिकतो, असे येते. श्वास लांब की आखूड हे ज्याने जाणले, त्याने तो बहुधा आरंभापासून शेवटपर्यंत पाहिलेलाच असतो. मग नव्याने शिकायचे ते काय? लक्ष श्वासावरून शरीरभर पसरवणे, हे मात्र खरोखरच शिकावे लागते.

अर्थात, पुढच्याच पायरीवर ‘कायसंखार’ शांत करायला सांगितले आहे आणि तेथे मराठी वाचकाने विशेष सावध राहावे, कारण पाली ‘संखार’ म्हणजे संस्कृत ‘संस्कार’, आणि आपल्याला संस्कार म्हटले की मुंज किंवा घरचे वळण आठवते; येथे तो अर्थ नाही. चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना भिक्खुणी विशाख उपासकाला सांगते, की आश्वास-प्रश्वास हेच कायसंखार होत, कारण ते कायेशी बांधलेले आहेत. म्हणजे तिच्या उत्तरात काया आणि श्वास वेगळे धरलेले आहेत, तर आनापानस्सति सुत्तात श्वास हीच एक काया आहे. आणि ही दोन्ही सुत्ते मज्झिम निकाय या एकाच सुत्तसंग्रहात आहेत.